आईचा फोटो, दादाचा फोटो

१९ नोव्हेंबर १९६३

आज दादाने होडी ठोकली. मी होडीतच होते. माझी शाळा पलीकडच्या काठाला, घर अलीकडे, त्यामुळे रोजचं जाणंयेणं भावाच्या होडीतूनच. डावीकडून मासेवाल्याची डोंगी येत होती. आम्ही सगळ्यांनी पाहिली. "सोपानराव, डाव्या अंगाला" असं दोघंतिघं म्हणालेही. दादा समोर काठाकडे बघत वल्हं मारत राहिला. धडक बसली तेव्हा असा दचकला की जणू डोंगी पाण्याखालून वर आली.

कडेला बसलेली एक बाई पोरासकट पाण्यात गेली. काठ जवळ होता, पाणी कमरेइतकं, म्हणून बरं. पोराला मी ओढून घेतलं. थंडीने ओठ काळे झालेले, पण रडायला लागलं.

दादा म्हणाला, ऊन डोळ्यावर आलं. ऊन आमच्या पाठीला होतं.

२१ नोव्हेंबर

वहिनीला बाजूला घेऊन विचारलं. आधी काही नाही म्हणाली. मग हळूहळू निघालं. दिवेलागणीनंतर दादा अंगणात उतरत नाही. भिंत चाचपत जातो. जेवताना शेजारच्या ताटावर पाय देतो. वहिनीला वाटायचं, बाहेर कुठे पिऊन येतात. तोंडाचा वास घेऊन पाहिला, तर तसं काही नाही.

आणि हाच दादा दुपारी ओट्यावर बसून मासे धरायचं जाळं विणतो. बारीक डोळ्याचं. मला सुईत दोरा घालता येत नाही, दादा एका झटक्यात घालतो. वहिनी म्हणाली, "वन्सं, आंधळ्याला कुटं जाळं इनता येतंया?"

काही कळत नाही.

३० नोव्हेंबर

आईचं दादाच्या उलट. माझ्याकडे बघते पण मी बोलल्याशिवाय ओळखत नाही. ओढ्यापर्यंत एकटी जाते, ठेच नाही लागत. आज मी समोर बसले होते. म्हणाली, "इंदे, तुजं त्वांड दिसत न्हाई. कान दिसत्यात." दाराची चौकट मध्येच वाकलीय म्हणते. सुताराला बोलाव म्हणून दादाच्या मागे लागलीय. चौकट सरळ आहे.

मोतीबिंदू असणार. म्हातारपण.

८ डिसेंबर

पौडला डोळ्यांचं शिबिर होतं. दोघांना घेऊन गेले. दादा यायला तयार नव्हता, आईला सोबत म्हणून आला. तिथे मी त्यालाही रांगेत उभं केलं.

तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ दादाने घडाघडा वाचली. शिबिराचे डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम. रात्री कमी दिसतं म्हटल्यावर माशाच्या तेलाची बाटली दिली, भाजीपाला खा म्हणाले. आईला मात्र वरचं मोठं अक्षरही दिसलं नाही. तरी मोतीबिंदू नाही म्हणाले. पुण्याला दाखवा.

येताना दादा खुशीत. "बग, मला काय बी न्हाई." असं म्हणतच यष्टीच्या उघड्या दारावर आपटला. कपाळाला टेंगूळ.

२२ डिसेंबर

तेल रोज घेतो. घरभर वास. फरक शून्य.

आज वहिनीने लग्नाचा विषय काढला. वैशाखात उरकून टाकू म्हणाली. शेवंता दादाची एकुलती, माधव माझा एकुलता. शेवंता पाळण्यात असल्यापासून ठरलेलं आहे. माझे यजमान गेले तेव्हा माधव रांगत होता. दादाने आम्हाला इथे आणलं, मला पुढे शिकवलं, मास्तरीण केलं. त्याच्या मुलीला सून करून घेणं याहून मला काय हवं. आमच्या आईबाबांचंही असंच. आई म्हणजे बाबांच्या मामाची मुलगी.

माधवला पत्र टाकलं. तो पुण्यात छापखान्यात आहे, त्याच्या खोलीवर आईची सोय होईल.

७ जानेवारी १९६४

रजा टाकून पुण्याला. आई, दादा, मी. डोळ्यांचं मोठं इस्पितळ. डॉक्टरबाई साठीच्या आसपासच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आईला तपासलं. मग मी म्हटलं, आमच्या भावालाही बघा. दादा माझ्याकडे रागाने बघत खुर्चीत बसला.

बाईंनी त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूने बोट आणायला लागल्या. दिसलं की सांगा. बोट कानापासून पुढे आलं, गालाच्या पुढे आलं. दादा गप्प. पार नाकासमोर आल्यावर म्हणाला, "आता दिसलं." दुसऱ्या बाजूनेही तसंच. खालून, वरून, तसंच.

नळीतून बघितल्यासारखं दिसत असणार त्याला. किती वर्षं? आणि होडीत रोज आम्ही सगळे.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचं एक यंत्र त्यांच्याकडे आलंय, परदेशी. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, हनुवटी टेकवायला लावली, आणि लख्ख उजेड. आईने विचारलं, हार घालायला काढताय का. डॉक्टरबाई हसल्या. नाही म्हणाल्या, अजून वेळ आहे त्याला.

फोटो धुऊन यायला आठवडा.

१५ जानेवारी

संक्रांत झाल्यावर एकटीच गेले. दोघांचे फोटो टेबलावर शेजारी ठेवले होते. काळे-पांढरे. मला आधी काहीच समजेना. चंद्राचे म्हणून दाखवले असते तर खरे वाटले असते.

डॉक्टरबाईंनी पेन्सिलीने दाखवलं. हा उजळ गोल, इथून नस मेंदूकडे जाते. या फांद्या म्हणजे रक्तवाहिन्या. आणि ही मधली जागा, हिच्यामुळे चेहरे दिसतात, अक्षरं दिसतात.

आईच्या फोटोत नेमकी ती मधली जागा खराब. जळका डाग असावा तसा, आणि भोवती रव्यासारखे कण. प्रत्यक्षात ते पिवळे असतात म्हणे. कडेचा पडदा ठीक.

दादाच्या फोटोत मधली जागा स्वच्छ. भोवती मात्र सगळीकडे काळे ठिपके. ठिपके पण गोल नाहीत, पाय फुटलेले. पोरांच्या दौतीत मुंगी पडते आणि मग वहीवर चालते, तसे. रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या.

मी म्हटलं, म्हणजे आईचंच दादाला आलंय. त्या म्हणाल्या, नाही. हे दोन वेगळे रोग आहेत. आईचा वयाचा. दादाचा रक्तातून आलेला, जन्मापासूनचा, हळूहळू वाढतो.

मग रक्तातून आला तर कुणाच्या?

"आईच्या आणि वडलांच्या. दोघांच्याही."

पण आईच्या फोटोत तर ते काळे ठिपके नाहीत. बाबांना शेवटपर्यंत झाडावरचं पाखरू दिसायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एकाकडून आलं तर काही होत नाही, माणूस ते नुसतं बाळगतो. दोघांकडून आलं तर उमटू शकतं. आईवडील नात्यातले होते का?

मी हो म्हटलं.

औषध नाही. दोघांनाही नाही. दादाने होडी बंद करावी.

उठता उठता मी विचारलं. सहज विचारल्यासारखं केलं. माझा मुलगा, दादाची मुलगी, लग्न ठरलंय. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

१६ जानेवारी

रात्री माधवच्या खोलीवर राहिले. त्याला काही सांगितलं नाही. सकाळच्या गाडीने परत. डॉक्टरबाई जे म्हणाल्या ते इथे नीट लिहून काढते, नाहीतर उलटसुलट होईल.

शेवंताच्या डोळ्यांना काही होणार नाही. पण दादाकडून तिने ते बाळगलंय, ते नक्की. दादाची मुलगी म्हणजे बाळगणारच.

मी बाळगते की नाही, माहीत नाही. बहुधा हो.

मी बाळगत असेन तर माधवकडे गेलं असेल किंवा नसेल.

दोघांकडे असेल तर त्यांच्या मुलांत उमटेल किंवा उमटणार नाही.

लिहून काढलं तरी तेच. प्रत्येक ओळीला दोन तोंडं. माझ्या वर्गात असं उत्तर कुणी लिहिलं असतं तर...

२८ जानेवारी

परत रजा. माझाही फोटो काढून घेतला, मीच आग्रह केला. वाटलं, एकदा कळून जाऊ दे. पडदा स्वच्छ. बघून मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाई, फोटोत रोग दिसतो. बाळगलेलं दिसत नाही."

मग फोटो काढून काय मिळालं. त्यांच्यावरच राग आला. त्यांचा काय दोष.

२ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. होडीचं आधी. ते त्याला ठाऊकच होतं असं वाटलं. तो म्हणाला, काठ मला समोर दिसतोय, वल्हं हाताला ठाऊक हाय, बाकी मी आवाजावर चालवत होतो. डोंगीवाला गप आला म्हणून लागलं. मी म्हटलं, पोर बुडालं असतं. तो म्हणाला, उद्यापासून बबनला सांगतो. बबन आमचा चुलतभाऊ.

तिथेच थांबायला हवं होतं. पण लग्नाचंही सांगितलं.

तो जाळं बाजूला ठेवून माझ्याकडे वळला. मला शोधून मग बघितलं, आता मला ते कळतं. "मंजे माज्या पोरीत खोट हाय म्हनतीस?"

मी म्हटलं, खोट माझ्यातही असेल.

"तुज्यात आसंल. तिच्यात हायच. आसंच ना?"

मला हो म्हणावं लागलं. तो उठला, उंबऱ्याला अडखळला, आत गेला.

३ फेब्रुवारी

वहिनी बोलत नाही. मी मागल्या खोलीत वेगळी चूल मांडावी असं शेवंताकरवी कळवलं. शेवंता निरोप सांगून तिथेच उभी राहिली. तिला कुणी काय सांगितलंय ते कळेना. विचारण्याचा धीर झाला नाही.

आईला सगळं ऐकू गेलंय. आज माझा हात धरून म्हणाली, "मंजी सोपानाला मीच दिलं म्हन की."

मी म्हटलं, तू एकटीने नाही, बाबांनीही.

"त्ये तर गेलं सुटून."

तिच्या स्वतःच्या डोळ्यांबद्दल तिने एकदाही विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी

माधव आला. दादाने त्याला पत्र लिहून बोलावून घेतलं होतं, मला न सांगता. दोघं काठावर जाऊन बसले. परतल्यावर माधव माझ्याजवळ आला. म्हणाला, मामा म्हणतात की तुझ्या आईचं डोकं फिरलंय, तू सांग, लग्न करणार का नाही. मी त्याला सगळं समजावलं, मला जेवढं समजलंय तेवढं. छापखान्यातला मुलगा, त्याने कागद मागितला आणि आखून बघितलं. खाणाखुणा, बाण. बऱ्याच वेळाने कागद चुरगळून टाकला.

तू काय सांगितलंस मामाला, मी विचारलं. म्हणाला, मी हो म्हटलं. नाही म्हणवलं नाही. मामांचा हात माझ्या खांद्यावर होता.

आणि तुला हवीय का ती? तो म्हणाला, कुणी विचारलंच नव्हतं कधी. हवीय.

आता मी काय करू. डॉक्टरबाईंकडे गेलेच नसते तर वैशाखात अक्षता पडल्या असत्या आणि आम्ही सगळे आनंदात. मग पुढे एखादं नातवंड दिवेलागणीला भिंत चाचपायला लागलं असतं. किंवा नसतंही.

१ मार्च

आई म्हणते अंगणात लाल कपड्यातली मुलं उभी असतात. बोलत नाहीत, नुसती उभी. वहिनी घाबरली, भगताला बोलवायचं म्हणते. आई स्वतः घाबरत नाही. "खोटी हायेत, मला ठावं हाय. पर तेवडंच बगायला व्हतं." पुण्याला विचारायला हवं.

१० मार्च

शेवंता शाळेत आली, होडीने, एकटी. शाळा सुटेपर्यंत बाहेर बसून राहिली. म्हणाली, "आत्या, सगळी माज्याबद्दल बोलत्यात. मला त्या डॉक्टरबाईंकडं न्ये. मला इचारायचंय."

आईच्या लाल मुलांचं निमित्त करून नेईन म्हटलं.

१७ मार्च

आई, शेवंता, मी. आईच्या लाल मुलांबद्दल डॉक्टरबाई म्हणाल्या, वेड नाही. नजर गेलेल्या जागी कधी कधी मनच चित्रं भरतं. आईला हे ऐकून बरं वाटलं. वाईटही वाटलं असावं, ती मुलं तिला आवडायला लागलीत.

मग शेवंता. मला वाटलं होतं रडेल. तिने सरळ विचारलं. माधवशी केलं तर काय, बाहेर केलं तर काय, केलंच नाही तर काय. डॉक्टरबाईंनी तिला दादाचा फोटो दाखवला. ती तो हातात धरून बसली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, बाहेरच्या घरात केलंस तर बहुधा मुलांना काही होणार नाही, पण तिथेही कुणी बाळगत असेल तर सांगता येत नाही. खात्री मी देणार नाही. माधवशी केलंस तर धोका बराच जास्त. तरीही निरोगी मुलं होऊ शकतात.

शेवंताने विचारलं, "मंग तुमी काय कराल?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, मी लग्न केलं नाही, मला विचारू नकोस.

यष्टीत ती एवढंच बोलली. फोटो बगितल्यावर कळलं, दादांच्या भवती किती अंधार हाय. बापाला ती दादाच म्हणते, माझं ऐकून ऐकून.

१९ मार्च

शेवंताने आईबापाला सांगितलं की माधवशी करणार नाही. कारण सांगितलं नाही, सगळ्यांना ठाऊकच होतं. वहिनी रडली. मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं होईल. झालं नाही. माधवला कोण सांगणार? मीच.

२९ मार्च

माधवला पत्र गेलं, उत्तर नाही.

वहिनी आज पहिल्यांदा बोलली. माझ्या चुलीजवळ येऊन बसली. घोटावड्याचं एक स्थळ आलंय, शेती आहे, मुलगा एकटा. पाव्हण्यांना डोळ्यांचं काही सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घ्यायला बघितलं. विचारलंच तर म्हणायचं, सोपानरावांच्या डोळ्यांत धूळ गेली. मी म्हटलं, बघते. ना हो, ना नाही. आजकाल मी असंच बोलते.

सांगितलं तर पोरीला कुणी करणार नाही. नाही सांगितलं तर आपण दुसऱ्याच्या घरात काय पाठवतोय. आणि डॉक्टरबाई म्हणतात बहुधा काहीच नाही. मग सांगायचं तरी काय? बहुधा काहीच नाही असं?

१२ एप्रिल

घोटावड्याची मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, एक मामा. दादाला ओट्यावर बसवून ठेवलं होतं, जाळं हातात देऊन, म्हणजे उठावं लागू नये. शेवंता पोहे घेऊन आली. बोलणं छान चाललं होतं. मग मुलाच्या वडलांनी विचारलं, आत्याचा मुलगा आहे ना लग्नाचा? मग बाहेर का बघताय?

साधा प्रश्न. कुणीही विचारला असता. वहिनीने माझ्याकडे बघितलं. दादाचे हात थांबले. मी तोंड उघडलं, काय बोलणार होते ते मलाच माहीत नाही.

शेवंता बोलली. ताट खाली ठेवून, उभ्या उभ्या.

"माज्या वडलांना कडंचं दिसत न्हाई. त्ये रक्तातनं आलंय. मला काय न्हाई, पर माज्या रक्तात हाय. आत्याच्या घरात बी आसंल, म्हनून तितं करत न्हाई. तुमच्यात कुनाला रातांधळं हाय का?"

पाव्हण्यांच्या मामाने घसा खाकरला. मुलाने तोवर मान खाली घातलेली, ती वर केली आणि शेवंताकडे बघितलं. त्याच्या वडलांनी पोहे संपवले, पाणी प्याले, कळवतो म्हणाले.

मंडळी गेल्यावर वहिनीने शेवंताला मारायला हात उचलला. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. खरं बोलली." वहिनीचा हात कुठे आहे हे त्याला दिसत नव्हतं, पण उचललाय हे कळलं.

१९ एप्रिल

घोटावड्याहून निरोप नाही.

बबन सांगत होता, मुलाचे वडील बाजारात भेटले, चौकशी करत होते. कसली, ते त्याला कळलं नाही. त्यांच्या घरातल्या एका म्हाताऱ्या चुलत्याबद्दलही काहीतरी बोलले म्हणे. काय बोलले? बबनला आठवत नाही.

२६ एप्रिल

आज माधव आला. पत्राचं उत्तर स्वतःच घेऊन आल्यासारखा. सगळ्यांसमोर बसला. दादाच्या पाया पडला, आजीच्या पडला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, नाक, कपाळ, मिशी. मिशी ठेवलीय हे तिला आत्ता कळलं.

घोटावड्याचं काय झालं, त्याने विचारलं. अजून नाही कळलं, मी म्हटलं.

तो म्हणाला, "ते नाही म्हणाले तर?"

मग आईच म्हणाली, "आन व्हय म्हनलं तर?"

दादा जाळं विणत होता. वहिनी आत गेली. मुलं झाली नाहीत तरी चालेल, असं माधव हळूच मला म्हणाला, मलाच फक्त ऐकू येईल असं. तू बावीस वर्षांचा आहेस, मी म्हटलं. आणि हे मला नको सांगूस.

तो उठून काठाकडे गेला. शेवंता खाली पाण्यावर गेली होती, हंडा घेऊन. ओट्यावरून काठ दिसतो. मला दिसतो. दादाने मान उचलून तिकडे केली, पण एवढ्या लांबचं शोधायला त्याला वेळ लागतो, आणि दिवस मावळत आला होता.

"काय करत्यात?" आईने विचारलं.

मी बघितलं. हंडा भरून बाजूला ठेवलेला. दोघांमध्ये एका माणसाचं अंतर.

उभी आहेत, मी सांगितलं.